चीन-माचीनचे गुरुजी

सीमाभागात दर दोन-तीन गावांआड एक कादंबरीकार असतो. तो निवृत्त असतो, बहुधा मराठी शाळेचा मुख्याध्यापक असतो आणि कादंबरी त्यानं स्वखर्चानं काढलेली असते. भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात कुणाच्या घरी गेलात, पलंगावर टेकलात आणि पाय मागे सरकेनात, तर खाली वाकून बघायची गरज नाही. पलंगाखाली कादंबरीचे गठ्ठे आहेत, आणि चहा संपेपर्यंत त्यातली एक प्रत तुमच्या हातात येणार आहे. ती फुकट मिळणार नाही.

आमचे गुरुजी याच वर्गातले. फरक विषयाचा. बाकीच्यांनी बसवेश्वर घेतले, शिवाजी महाराज घेतले, रझाकार घेतले. गुरुजींनी चीन घेतला. आणि तोही २०२० साली. सगळं जग तोंडाला फडकं बांधून घरात बसलेलं, जूनमध्ये गलवानला चकमक झालेली, गल्लीतली पोरं स्वतःच्याच मोबाइलवरून चिनी ॲपं काढून टाकत असलेली, आणि गुरुजी ओसरीवर फुलस्केप कागद घेऊन चिनी भिक्षू ह्युएनत्संगाला मांजरा नदी ओलांडून देत होते. काकू तेव्हा जे बोलल्या ते अजून गल्लीत सांगतात. "त्या चीननं साऱ्या दुनियेला घरात बसिवलंय, अन् हे घरात बसून त्याचंच कौतिक लिव्हलालेत!"

कादंबरीचं नाव ‘मांजरातीरीचा महाभिक्षू’. पानं पाचशेच्या वर. मुखपृष्ठावर भिक्षू, पाठीमागे बिदरचा किल्ला. किल्ला भिक्षूच्या नंतर आठशे वर्षांनी बांधलेला आहे, हे मी गुरुजींच्या कानावर घातलं. गुरुजी म्हणाले, "तो किल्ला नाही. ते सूचन आहे."

कादंबरीचा पाया मात्र पोकळ नाही. ह्युएनत्संग सातव्या शतकात, साधारण ६४१च्या सुमारास, महाराष्ट्र देशात येऊन गेला. त्यानं तिथला राजा पुलकेशी पाहिला, ज्यानं हर्षवर्धनाला नर्मदा ओलांडू दिली नाही. माणसांबद्दल त्यानं लिहून ठेवलं की हे लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच विसरत नाहीत; सूड घ्यायचा झाला तर आधी कळवतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रं नेसवतात. लढाईला जाताना हत्तींना दारू पाजतात. हे सगळं त्यानं लिहिलं, पण राजधानीचं नाव काही लिहिलं नाही. तेवढी एक जागा मोकळी ठेवली आणि तेराशे ऐंशी वर्षांनी गुरुजी तिथं जाऊन बसले.

विद्वानांनी ही राजधानी बदामीला, नाशिकला, पैठणला, जिथं जमेल तिथं नेऊन पाहिली आहे. गुरुजींनी ती बिदरला आणली. अडचण फक्त नदीची होती. ह्युएनत्संगानं राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे म्हटलंय आणि बिदरची मांजरा उत्तरेला वाहते. यावर गुरुजींनी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातलं. त्यात भिक्षू भर पावसाळ्यात येतो, सात दिवस सूर्य दिसत नाही आणि त्याला दिशांचं भान राहत नाही. माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात जमलेलं प्रकरण तेच आहे. चिखल, गळकी धर्मशाळा, ओल्या पोथ्या, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. गुरुजींनी औरादच्या शाळेत काढलेले पावसाळे त्यात उतरलेत.

आता कादंबरीचा नायक. तो ना भिक्षू आहे, ना पुलकेशी. तो आहे बिदरचा एक दुभाषा. राजाशी कानडीत बोलणारा, रयतेशी मराठीत बोलणारा, भिक्षूची पाली-संस्कृत दोघांना उलगडून सांगणारा. राजा त्याला परका समजतो, रयत त्याला राजाचा माणूस समजते, आणि भिक्षू तेवढा त्याला नाव विचारतो. हा दुभाषा चष्मा लावत नाही एवढं सोडलं तर तो नखशिखान्त गुरुजी आहे. ऊन लागलं की तोही डोक्यावर ओला पंचा टाकतो.

गुरुजींचा जन्म १९५०चा, भालकीजवळचा. जन्मले तेव्हा हैदराबाद राज्य. पहिलीची पाटी फुटायच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ला, बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी-हुमनाबाद म्हैसुरात आले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात. म्हैसूरचं कर्नाटक झालं १९७३ला. म्हणजे घर न सोडता तीन राज्यांची पाणीपट्टी या घरानं भरली. सासुरवाडी उदगीरची. लग्न ठरवायला वडील बैलगाडीतून गेले तेव्हा ते परराज्यात गेले होते, हे त्यांना परत आल्यावर कुणीतरी सांगितलं. शाळा मराठी माध्यमाची, सरकार कर्नाटकाचं. हजेरीपट मराठीत, त्याचा गोषवारा कानडीत. पुण्याला गेले की लोक त्यांच्या मराठीला "छान बोलता हो, कानडी असून" म्हणतात. बेंगळुरूला गेले की कानडी ऐकून विचारतात, "नीवु महाराष्ट्रदवरा?" गुरुजी दोन्हीकडे मान हलवतात. वाद घातला तर बस चुकते.

कादंबरी छापून आली २०२१ला, पाचशे प्रती. मुखपृष्ठावर चिनी माणूस बघून ओळखीच्या दुकानदारानं ती काउंटरवर ठेवायला नकार दिला. लोक हात लावायला भितील म्हणाला. तेव्हापासून गुरुजींनी विक्री स्वतःच्या अंगावर घेतली. आणि इथून पुढचे गुरुजी म्हणजे बघण्यासारखा माणूस.

लग्नाला गेले की आहेर म्हणून पुस्तक. आहेराच्या वहीत ‘एक कादंबरी, किंमत रु. ४५०’ अशी नोंद करून घेतात, म्हणजे त्यांच्याकडे कार्य निघालं की समोरच्याला साडेचारशेचा आकडा दिसावा. मयताला गेले तर पुस्तक देत नाहीत; तेराव्याला देतात. डॉक्टरकडे रक्तदाब मोजून घेताना डाव्या बाहीला पट्टा असतो आणि उजवा हात पिशवीत. पलीकडे उदगीरला एप्रिल २०२२मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते, ऊन असं की मांडवाचं कापड तापलं होतं. गुरुजी तीन दिवस ग्रंथदालनाच्या दाराशी उभे राहिले. गाळा घेतला नव्हता. उभं राहायला भाडं पडत नाही. येणाऱ्याला नमस्कार, जाणाऱ्याला पुस्तक. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी त्यांना स्वयंसेवक समजून प्रसाधनगृह विचारलं. गुरुजींनी वाट दाखवली आणि परत येताना त्यांना एक प्रत खपवली.

२०२३च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारनं शक्ती योजना आणली, बायकांना एसटी फुकट. सगळ्या राज्यातल्या बायकांनी देव बघितले, माहेर बघितलं. गुरुजींनी या योजनेकडे प्रकाशकाच्या नजरेनं पाहिलं. गठ्ठे काकूंबरोबर जाऊ लागले. काकू गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला निघाल्या की एक गठ्ठा कलबुर्गीपर्यंत. हुमनाबादला माणिकप्रभूंच्या जत्रेला निघाल्या की दुसरा. कंडक्टर पोरगा ओळखीचा झालेला. "काकू, तुमचं तिकीट नाही, पन ह्या चीनवाल्याचं लगेज पडतंय बगा." काकू म्हणायच्या, "लेकरा, तूच ठिवून घे एक. वजन कमी हुईल."

कलबुर्गीतल्या मराठी मंडळींनी एकदा कादंबरीवर चर्चा ठेवली. तूरडाळीच्या गिरणीवाल्यांनी सभागृहाचं भाडं दिलं. चर्चेत भिक्षूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पहिल्या पाच मिनिटांत सभा पुलकेशीवर घसरली. तो आमचा की तुमचा? मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले की पुलिकेशी कोण होता हे त्यांना पुस्तक वाचून ठरवायची गरज नाही, १९६७ साली राजकुमारचा ‘इम्मडी पुलिकेशी’ त्यांनी टॉकीजला जाऊन बघितलेला आहे. ह्युएनत्संगानं त्याच्या देशाला महाराष्ट्र म्हटलंय, असं कुणीतरी पुढून ओरडलं. "मग चिन्याला इचारा," मागून उत्तर आलं. गुरुजी माइकपाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "पुलकेशी दरबारात कानडी बोले आणि घरात मराठी. पान तीनशे चार." दोन्ही बाजूंना हे अर्धं अर्धं पटलं. सत्कारात मंडळींनी त्यांना म्हैसुरी पेटा घातला, फळांची परडी दिली. उदगीरच्या फेट्याशेजारी तो पेटा आता घरातल्या खुंटीवर असतो. कार्यक्रम कुठल्या राज्यात आहे ते बघून गुरुजी त्यातला एक पिशवीत घालतात. यजमान विसरले तर आपली सोय असावी.

बिदरचे एक निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक गुरुजींना नेहमी डिवचतात. ते म्हणतात, "बिदरला खराखुरा आलेला परदेशी पाहिजे तर निकितीन आहे की. १४७०च्या आसपासचा, रशियाचा व्यापारी. महमूद गवानचं राज्य डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय त्यानं. तो सोडून नसलेला चिनी कशाला आणलाव?" गुरुजींचं उत्तर ठरलेलं. "तो घोडा विकायला आला होता, सर. माझा माणूस ज्ञान न्यायला आला." आणि मग, थोडा दम खाऊन: "शिवाय निकितीननंसुद्धा चीन-माचीनचं ऐकून लिहिलंच आहे. म्हणजे बिदरच्या बाजारात तेव्हा चीनची बातमी होती. बातमी होती म्हणजे माणूस आधी येऊन गेला असणार." प्राध्यापक चहा मागवतात. या तर्कावर चहाच मागवता येतो.

सगळं झालं तरी एक शल्य होतं. पुस्तकाचं रीतसर प्रकाशन राहून गेलं होतं. छापलं तेव्हा गर्दीला बंदी. आणि गुरुजींचा हट्ट, की प्रकाशन व्हायचं तर चिनी माणसाच्या हस्ते. सोलापूर इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या द्वारकानाथ कोटणिसांचं उदाहरण ते देत. १९३८ला भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला डॉक्टर, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. शांतारामबापूंनी सिनेमा काढला. "सोलापूरकरांनी त्यांना एक माणूस दिला," गुरुजी म्हणत, "त्यांनी आपल्याला एका दिवसासाठी एक द्यायला काय हरकत आहे?" त्यांनी एका मोठ्या कचेरीला इंग्रजीत पत्र धाडलं, सोबत प्रत. मग दर गुरुवारी पोस्टात जाऊन पोच आली का विचारायचे. पोस्टमन त्यांना बघून सायकलची दिशा बदलू लागला.

म्हणून शोध स्थानिक पातळीवर आला. हिवाळ्यात बिदरला स्वेटरवाले येतात. गुरुजी मला घेऊन तिथं गेले आणि एका मध्यमवयीन विक्रेत्यापुढे हात जोडून म्हणाले, "आप हमारे प्रमुख अतिथि." तो माणूस मुंडगोडचा तिबेटी. त्याचे आईवडील साठ साली दलाई लामांच्या मागोमाग आलेले, तो कर्नाटकातच जन्मलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गुरुजींपेक्षा अस्सल कानडीत सांगितलं, "मास्तर, चीनतर्फे मी स्टेजवर बसलो तर माझी आई मला घरात घेणार नाही." गुरुजींना क्षणभर उमगलं नाही. उमगलं तेव्हा ते असे ओशाळले की किंमत न विचारता मफलर घेतला. त्यानं किंमत पूर्ण लावली, आणि बिल करता करता ह्युएनत्संगाबद्दल इतकं काही सांगितलं, की गुरुजी दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत गेले. पोथ्या चीनला कशा नेल्या, घोडे किती होते, सिंधू ओलांडताना काही पोथ्या पाण्यात कशा गेल्या. तो मफलर गुरुजी मार्चपर्यंत वापरत होते. बिदरला मार्चमध्ये मफलर कुणी वापरत नाही.

खरा माणूस सापडला तो सिकंदराबादला. नातवाचा वाढदिवस होता, पोरांनी चायनीज खायचं म्हटलं. हॉटेलात आतून आचारी बाहेर आला, साठीकडे झुकलेला, पांढरा कोट, कपाळाला घाम. गुरुजी खुर्चीवरून उठलेच.

"आप चीन से?"

"नहीं साब, कलकत्ता से. टेंगरा."

"मगर मूल?"

"मूल हक्का. दादा का चमड़े का काम था टेंगरे में."

"चीन कभी जाते हैं?"

"चीन?" तो हसला. "चीन पिक्चर में देखा है. पासपोर्ट नहीं बनवाया आज तक."

मग टेबलाशीच उभं राहून तो बोलत राहिला. आईचं माहेर शिलाँगचं. १९६२च्या युद्धानंतर सरकारनं चिनी वंशाच्या हजारो माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, त्यात तिचं सगळं घर होतं. ती तेव्हा शाळेत होती, खासी बोलायची, बंगाली बोलायची. छावणीत रोज बटाट्याची भाजी. सुटून आल्यावर तिनं जन्मात बटाटा खाल्ला नाही. तिच्या हाताखाली वाढलेला हा माणूस, त्याला चिनी लिहिता येत नाही, वाचता येत नाही, बोलता येतं तेवढं आईशी बोलण्यापुरतं, आणि आई आता नाही.

गुरुजी ऐकत होते. मला वाटलं, आता पुस्तक निघणार पिशवीतून. निघालं नाही. गुरुजी म्हणाले, "मैं मराठी राइटर हूँ. महाराष्ट्र में एक दिन नहीं रहा."

आचाऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वेटरला सांगितलं की या टेबलाचं सूप माझ्याकडून. नंतर पुस्तक निघालंच, ते वेगळं.

प्रकाशन ठरलं २०२४च्या मार्चअखेर, बिदरला. फलक छापून आला: ‘चीनचे थोर प्रतिनिधी यांच्या शुभहस्ते’. मी खोडायला सांगितलं, गुरुजी म्हणाले, "चीन शब्दाचे पैसे दिलेत." आचारी वेळेवर आला. आमदार दोन तास उशिरा आले, तोवर सभागृहात पंखे आणि आम्ही. आमदारांनी भाषणात त्यांच्याकडे वळून विचारलं, "आमच्या देशात तुम्हाला कसं वाटतं?" आचारी म्हणाला, "अच्छा है साब. मेरा भी यही है." आमदारांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता पाहुण्यांनी बोलायचं होतं. नेमकं त्याच महिन्यात सरकारनं गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली होती आणि बिदरातले सारे गाडेवाले हवालदिल. कुणीतरी मागून विचारलं, "रंग न घालता लाल कशी करायची?" झालं. पाहुण्यानं माइक हातात घेतला आणि बोलायला लागला. ही मंचुरी चीनची नाहीच, म्हणाला. १९७५ला मुंबईत नेल्सन वांग नावाच्या आमच्याच कलकत्त्याच्या माणसानं ती आधी चिकनची काढली. आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्याकडची. गरम मसाल्याच्या जागी त्यानं सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरनं रस्सा दाट केला, आणि नाव दिलं चीनचं. लोक चीनचं नाव ऐकून खातात. लाल करायची तर काश्मिरी मिरची भिजवून वाटा, तेलात आधी परता, फ्लॉवर दोनदा तळा. सभागृह वह्या काढून लिहून घेत होतं. गाडेवाला एकजण पुढे येऊन आच किती ठेवायची विचारून गेला. पाहुणा वीस मिनिटं बोलला. ह्युएनत्संगाचं नाव त्यात आलं नाही, आणि सीमाभागातल्या कुठल्याही प्रकाशनसमारंभात मी इतकी तल्लीन माणसं पाहिलेली नाहीत.

गुरुजी व्यासपीठावर ताठ बसले होते. मला वाटलं रागावले. नाही. ते पाहुण्याचं हिंदी बाजूच्या वयस्करांना हळूच मराठीत आणि पलीकडच्यांना कानडीत सांगत होते. "दोनदा तळायचं म्हणतो. येरडू सल करीबेकु."

त्या दिवशी पुस्तकं बरी खपली. मागच्या कोऱ्या पानांवर पाककृती लिहून घ्यायला जागा होती. पाहुण्याला बिदरीचं फुलपात्र दिलं, शाल दिली. जाताना त्यानं एक प्रत पैसे देऊन घेतली. आम्ही नको नको म्हटलं, मराठी वाचता येत नाही तर कशाला. तो म्हणाला, अंदर एक आदमी है ना जो दोनों तरफ की बात समझाता है, मास्टरजी ने बताया था. वेटर लातूरचा आहे, त्याच्याकडून तेवढी पानं वाचून घेईन.

दुसरी आवृत्ती आता छापायला गेली आहे. पलंगाखाली पहिलीचे दीडशे शिल्लक असताना दुसरी कशाला, हा काकूंचा प्रश्न अनुत्तरित आहे. मलपृष्ठाचा मजकूर गुरुजींनी काल मला दाखवला: ‘चिनी वाचकांनी मूल्य देऊन संग्रही ठेवलेली, सिकंदराबाद येथे सामूहिक वाचन झालेली कादंबरी.’

"वाचक एकच आहे, गुरुजी," मी म्हटलं.

"आदरार्थी बहुवचन आहे ते," गुरुजी म्हणाले, आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाले. औरादला कुणाचं तरी बारसं होतं.